हिरव्या सायकलचे ब्रेक

उतार तसा काही फार मोठा नव्हता. दवाखान्याच्या कोपऱ्यावर सुरू व्हायचा, छापखान्याच्या मागच्या भिंतीला धरून खाली यायचा आणि मोठ्या रस्त्याला मिळण्याआधी शहाण्यासारखा सपाट व्हायचा. शाळेतली मुलं त्यावरून दप्तरं उडवत पळत सुटायची आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. तिने मात्र त्या उतारावर दोन्ही ब्रेक मुठीत आवळले, तेव्हा सायकलने एक लांबलचक केकाटणं काढलं आणि वेग जराही कमी न करता ती खाली निघाली.

समोर मोठा रस्ता, त्यावर एक ट्रक. डावीकडे उतारासोबत खालपर्यंत आलेलं दवाखान्याचं झुडपांचं कुंपण. तिने हँडल डावीकडे वळवलं आणि सायकलसकट त्या कुंपणात शिरली. पानं, काटक्या, थोडी धूळ. मग सगळं शांत. कुंपणापलीकडे दवाखान्याचा पहारेकरी खुर्चीवर बसला होता. त्याने वर्तमानपत्र खाली केलं, तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "ताई, आत यायचं दार पलीकडे आहे."

तिला हसू आलं. बाबा असते तर त्यांनी हे वाक्य महिनाभर पुरवलं असतं.

सायकल बाबांची. पंपहाऊसवरची नोकरी संपल्यावर, माणसं ज्या वयात गुडघ्यांचे पट्टे विकत घेतात त्या वयात, त्यांनी गाव सोडून चाललेल्या एका कॉलेजच्या मुलाकडून ही वापरलेली माउंटन बाइक घेतली होती. जाड टायर, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा चिमटा, रंग शेवाळी हिरवा. रोज ते तिच्यावरून दूध आणायचे आणि रविवारी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. या टाकीत त्यांनी उभं आयुष्य पाणी चढवलं होतं. "वर पोचतंय ना, ते बघून येतो," असं म्हणून निघायचे. ते गेले ते मात्र अंथरुणात, पहाटे, कुणालाही न उठवता. सायकलचा त्यात काही दोष नव्हता. ती तेव्हाही जिन्याखालच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती आणि पुढे कित्येक महिने तशीच उभी राहिली.

छापखान्यात मुद्रितं तपासायचं तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी आलं की बाबांची खुर्ची, बाबांचा चष्मा, बाबांच्या चपला यांच्याकडे न बघता इकडून तिकडे जायचं. ते तिला जमेना. मग एक दिवस तिने सायकल बाहेर काढली. बाकीच्या वस्तूंकडे बघावं लागायचं. सायकलवर नुसतं बसायचं, पाय मारायचे. बसलं की सीट बाबांच्या उंचीला लावलेली असल्याने पाय जेमतेम पोचायचे, आणि त्या ताणलेल्या पायांनी जाताना ते तिला आठवायचे ते न खुपता आठवायचे. दिवसातून तेवढाच वेळ. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटतही नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती सायकल हाताने ढकलत घरी आली. आई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशांची एक चळत डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला.

"कोपराला काय झालं?" आईने टाक्यावरची नजर न हलवता विचारलं.

"खरचटलं."

"कशानं?"

"कुंपणानं."

"कुंपण तुझ्या अंगावर आलं?"

"मी गेले त्याच्या अंगावर. ब्रेक लागले नाहीत."

आईने मशीनच्या चाकावर तळहात ठेवला. खडखड थांबली. मग ती उठली, कापूस आणि औषध घेऊन आली आणि कोपर पुसायला लागली.

"विकून टाकू ती," शेवटी ती म्हणाली.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि रोज याच वेळी फोन करायचा. आईने फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर ठेवला आणि कुंपणाची गोष्ट अशी सांगितली की त्यातला ट्रक चांगलाच मोठा झाला.

"ताई, विक गं ती," भाऊ म्हणाला. "माझ्या ऑफिसातला एक जण तिकडेच राहतो, जुनी सायकल शोधतोय. रविवारी पाठवतो त्याला."

"ब्रेक न लागणारी सायकल त्याच्या गळ्यात बांधायची?"

"तो घेईल दुरुस्त करून. तगडा आहे चांगला."

"मग कुंपणाची काळजी घ्यायला हवी."

"तू ना ताई, बाबांसारखं बोलायला लागलीस."

मग आई म्हणाली, "येऊ दे त्याला रविवारी."

"मी ब्रेक बदलून घेते," ती म्हणाली. "मग बघू."

आईने औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं, घट्ट आहे का ते दोनदा बघितलं. "बदल. नीट लागले तर ठेव. पण पुन्हा असं काही झालं तर मी कुणाचं ऐकणार नाही. एक माणूस गेलंय घरातलं, तेवढं पुष्कळ झालं."

सायकलच्या दुकानदाराला सगळे छर्रेकाका म्हणत. बेअरिंगचे छर्रे त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असायचे, आणि तो विचार करायला लागला की ते खुळखुळवायचा. कुणाच्या तरी जुन्या गॅरेजमध्ये त्याचं दुकान होतं. छताला चाकं टांगलेली, भिंतीला चिमटे, आणि मधल्या लोखंडी स्टँडवर एखादी सायकल पेशंटसारखी उचलून धरलेली.

त्याने हिरवी सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक केकाटलं आणि फिरतच राहिलं.

"कुणाचा तरी पाय चेंगरल्यासारखं ओरडते," तो म्हणाला. "पॅड संपलेत. बघायलाच नको."

त्याने बघितलं. पॅड चांगले जाड होते. "अरेच्चा, हे तर तरुण आहेत. मग वायर सैल झाली असणार." त्याने वायर ताणली. चाक फिरतच राहिलं. छर्रे खुळखुळले. "कमाल आहे."

त्याने काढून ठेवलेला पॅड तिने हातात घेतला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला घासणारा थर. हा थर कोरडा, मातकट असायला हवा होता, तिने वाचलं होतं तसा. वाचल्याशिवाय ती कुठेच जात नसे. इथला थर मात्र काळपट होता आणि उजेडात धरला की त्यावर ओलसर झाक दिसत होती. छापखान्यात कागद नाकाशी नेऊन बघायची सवय होती. तिने तो पॅड नाकाशी नेला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. लहानपणी ती आईच्या मशीनखाली, पायडलशेजारी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची तेव्हा वरून यायचा तो वास. पातळ, किंचित गोडसर. सगळ्या बालपणाला तो लागलेला होता.

"तेल आहे," ती म्हणाली.

"तेल? डिस्क ब्रेकला?" छर्रेकाकाने चाकाच्या मधोमधच्या, पॅड धरतात त्या चकतीवरून पांढरी चिंधी फिरवली. चिंधीवर पिवळट पट्टा उमटला. "आयला! चांगलं पाजलंय की. कोण घालतं हो?"

"माहीत नाही," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्याने तिचं उत्तर जरा लवकरच आलं.

"शत्रू आहे का कुणी?"

"नाही हो."

"मग मित्र असेल. असली कामं मित्रच करतात." त्याने हात पुसले. "हे बघा ताई, तेल प्यायलेला पॅड गेला. चकती पुसता येते, पण पॅड पिऊन बसतो. आणि या जुन्या ब्रेकचे पॅड आता मिळत नाहीत, ते मॉडेलच बंद झालं. तेव्हा सगळंच बदलू."

त्याने काउंटरवर दोन ब्रेक मांडले. पहिला आत्ता होता तसाच, वायरने ओढला जाणारा. दुसऱ्यात वायरीच्या जागी बारीक नळी आणि नळीत तेल. लिव्हर दाबली की आतलं तेल ढकललं जातं आणि ते पॅडला ढकलतं.

"वायरचा साधा. काय चाललंय ते दिसतं, रस्त्यावर बिघडला तरी पान्याने नीट करता येतो. तेलाचा मऊ. एका बोटाने लागतो. पण बिघडला की माझ्याकडे यावं लागतं."

"आत्ता आहे तसाच द्या," ती म्हणाली. बाबांना नळीत काय चाललंय ते न दिसलेलं आवडलं नसतं. पंपहाऊसमध्ये ते मीटरच्या काट्यावरसुद्धा विश्वास ठेवायचे नाहीत, पाइपाला कान लावायचे.

"देतो की. पण आधी हँडल धरा. नेहमी धरता तसं. आता ब्रेक दाबा."

तिची बोटं लिव्हरच्या टोकाला कशीबशी पोचली.

"ही कुणाच्या हाताला लावलीये?"

"बाबांच्या. त्यांचा हात मोठा होता."

होता, हे ऐकून छर्रेकाकाने लिव्हरवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "दाबणार आता कोण?"

"मी."

"मग ब्रेक बोटांना विचारून घ्यायचा." आणि विषय बदलायला म्हणून चकत्यांकडे वळला. "पुढची चकती मोठी घालू का? एकशे ऐंशी मिलिमीटरची. पुढचा ब्रेकच खरं काम करतो."

"चिमट्याला चालते. मी मोजून बघितलंय. मागे एकशे साठचीच राहू दे."

"वा! म्हणजे मी फक्त स्क्रू फिरवायचे."

"उद्या सांगते, काका. वायर की तेल ते."

"ब्रेक घ्यायला कुणी रात्रभर विचार करतं का? लग्नाआधी करतात."

"लग्नाला ब्रेक नसतो, म्हणून."

तो मनापासून हसला. "सायकल चालत न्या हां. चालत!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. छापखाना अर्धा दिवस. ती दुपारी घरी आली, फाटक हलकेच ढकललं आणि जिन्याच्या वळणाशी थबकली.

बोळात आई पाटावर बसली होती. समोर हिरवी सायकल. हातात मशीनच्या तेलाची बाटली, चिमणीच्या चोचीसारखं लांब तोंड असलेली. आई डाव्या हाताने चाक अगदी हळू फिरवत होती आणि उजव्या हाताने चकतीवर थेंब सोडत होती. एक थेंब, थोडं फिरवणं, एक थेंब. मग फडक्याच्या टोकाने ते तेल गोलाकार पसरवत होती. मान एका बाजूला कललेली, सुईत दोरा ओवताना कलते तशी. आणि चेहऱ्यावर गेल्या कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं काहीतरी होतं. कपाळ सपाट झालं होतं, एवढंच म्हणता येईल. दुपारी झोप लागलेल्या माणसाचं होतं तसं.

ती पाय न वाजवता मागे फिरली. फाटकाबाहेर गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि मग फाटक चांगलं खणाणत उघडून आत आली. तोवर बाटली मशीनच्या खणात परत गेली होती.

"लवकर आलीस?"

"शनिवार आहे ना."

"हो की," आई म्हणाली, जणू तिला ते माहीतच नव्हतं.

बाबांचा तेलाचा वार शनिवार. दुपारचा चहा झाला की ते बोळात उकिडवे बसायचे आणि तिथूनच ओरडायचे, "तेल!" आई खिडकीतून हात बाहेर काढून बाटली द्यायची, "घ्या." थोड्या वेळाने बाटली खिडकीत परत यायची. "हं." या सायकलआधी दुसरी होती, तिच्याआधी तिसरी, शब्द मात्र तेवढेच. आईला खिडकीतून दिसायची फक्त बाबांची पाठ. ते थेंब नेमके कुठे पडतात हे तिने कधी बघितलंच नव्हतं. आता खिडकीबाहेरून हाक येत नव्हती, म्हणून बाटली घेऊन ती स्वतःच बाहेर जात होती. जिथे लोखंड चमकत होतं, जिथे ते फिरत होतं, तिथे घालत होती.

तिने भात वाढून घेतला आणि तो तसाच चिवडत बसली. सांगितलं नाही, तर नवे पॅडही पुढच्या शनिवारी तेल पिऊन बसणार, पुढच्या सोमवारी उतार तिथेच असणार आणि कुंपण दर वेळी हाताशी असेलच असं नाही. सांगितलं, तर आईला कळणार की ट्रकच्या दिशेने लेकीला सोडलं ते तिच्याच हाताने. आणि ते सपाट झालेलं कपाळ? उद्या तो तगडा माणूस आला, सायकल घेऊन गेला, तर काही सांगायलाच नको. हाही एक रस्ता होता, आणि सगळ्यात सोपा होता. सोपा रस्ता दिसला की तिला चूक शोधायची सवय होती.

दुपार उतरायच्या आत ती सायकल ढकलत दुकानात पोचली.

"काका, तेल लागलं तरी चालेल असा डिस्क ब्रेक असतो का?"

छर्रे खुळखुळायचे थांबले. "पाण्यात टाकला तरी भिजत नाही असा टॉवेल हवाय तुम्हाला."

"नसतो?"

"नसतो. म्हणजे शत्रू सापडला वाटतं? घरातलाच?"

"हो."

"लहान की मोठा?"

"मोठा. फार मोठा."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. स्वतः उलट्या डब्यावर बसला. "माझी आई," तो म्हणाला, "मी धंदा सुरू केला तेव्हा माझा पहिला पाना रोज घासायची. राखेनं. पोराची वस्तू चकचकीत हवी म्हणून. घासून घासून तोंडच झिजवलं त्याचं, नटावर नुसता गरागरा फिरायचा."

"मग? सांगितलंत तिला?"

"छे! कोण सांगणार? तो भिंतीवर टांगला आणि कामाला दुसरा आणला. ती घासत राहिली, मी काम करत राहिलो. सुखानं." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्याला एक पाना होता, आरशासारखा. "तुम्हीही तसंच करा. ही ठेवून द्या घरात, घालू दे त्यांना हवं तेवढं तेल. तुम्हाला मी चालवायला दुसरी बघून देतो, एकदम स्वस्तात."

ती त्या पान्याकडे बघत राहिली. चांगला पाना होता. कशालाच न बसणारा. मग तिने हिरव्या सायकलकडे बघितलं आणि ती बोळात उभी असलेली डोळ्यांसमोर आणली, तेल पाजलेली, पुसलेली, वर्षानुवर्षं. खुर्चीसारखी. चष्म्यासारखी.

"मला टांगायची नाहीये, काका," ती म्हणाली. "तेलाचा ब्रेक बसवा. आणि लिव्हर माझ्या बोटांना लावा. सीटपण खाली घ्या जरा."

"नक्की? वायर नको?"

"नको. हात माझे आहेत."

त्याने पुढचं काही विचारलं नाही. जुने ब्रेक उतरले, चकत्या उतरल्या, नव्या चकत्या सहा-सहा स्क्रूंनी बसल्या. नवे पॅड हाताळताना त्याने आधी साबणाने हात धुतले. काम संपल्यावर म्हणाला, "आता एक ऐका. नवे ब्रेक लगेच धरत नाहीत. उद्या मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा आणि दाबायचे, पार चालीच्या वेगावर आणायचं, पुन्हा वेग घ्यायचा. असं पुष्कळ वेळा. हळूहळू पॅडची चकतीशी ओळख होते. तोवर उतारावर जायचं नाही." जुने पॅड आणि चकत्या त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

घरी आई बोळातच उभी होती, वाट बघत असल्यासारखी, पण हातात झाडू घेऊन. तिने सायकलभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं.

"चकचकीत आहेत गं. पुढची मोठी आहे."

"हो."

"गंजतील मात्र. पण तू नको काळजी करूस."

ती थांबली. हे वाक्य तसंच जाऊ दिलं असतं तर गेलं असतं.

"आई, याला तेल नाही घालायचं."

"कोण घालतंय?" आई लगेच म्हणाली आणि झाडू मारायला लागली, जिथे आधीच झाडलेलं होतं तिथे.

तिने वर्तमानपत्राची पुडी सोडली आणि जुना पॅड आईच्या हातात दिला. "वास घे."

आईने वास घेतला. मग पुन्हा घेतला. खणातली बाटली उघडून पडताळून बघायची तिला गरज नव्हती. झाडू तिने भिंतीला टेकवला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"माझं आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे त्या दिवशी..."

"खरचटलं फक्त."

"कुंपण होतं म्हणून."

लेक आईच्या शेजारी पायरीवर बसली. जागा अरुंद होती, खांद्याला खांदा लागला.

आई तो तुकडा बोटांत फिरवत राहिली. "लोखंडावर लोखंड फिरतं तिथं तेल घालायचं," ती म्हणाली. "मशीन शिकले तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं मला."

"ब्रेक सोडून, आई. तिथे घासायलाच हवं."

"मला कोण सांगणार?" आणि एकदम आईचा आवाज चढला. "त्यांनी सांगायचं ना! नुसतं आपलं तेल, तेल, तेल! खिडकीतून हात बाहेर काढा, बाटली द्या, बाटली घ्या. एकदा तरी हाक मारून म्हणायचं, ये, बघ, मी हे इथं घालतो, तिथं घालत नाही. एवढं कळायला नको माणसाला? जन्मभर पाणी चढवलं सगळ्या गावाला, घरात एक गोष्ट धड सांगितली नाही!"

ती सायकलकडे बघून बोलत होती, बाबा तिथे उकिडवे बसल्यासारखी. ते गेल्यापासून तिने त्यांना एकदाही रागावलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे ती त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलायची, आणि तेव्हा ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय असं वाटायचं. आता मात्र ते बाबाच होते. लेकीने मान खाली घातली आणि डोळे पुसले. आईने बघितलं, पण दाखवलं नाही.

"या नव्यात तेल अजिबातच नाही?" थोड्या वेळाने तिने साध्या आवाजात विचारलं.

"आत आहे. त्या नळीत. तेलाच्याच जोरावर लागतो तो."

"आत तेल?"

"हो."

"आत चालतं आणि बाहेर चालत नाही."

"नाही चालत."

"मग मीच कशी काय वेडी?" आई म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. जिन्यावरून खाली येणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांना ओलांडून जावं लागलं. त्या काही न विचारता गेल्या.

हसू ओसरल्यावर आईने पॅड परत वर्तमानपत्रात ठेवला. हात पदराला पुसले.

"मग मी शनिवारी काय करू?"

लेकीने उत्तर शोधलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण ते समोरच लोंबत होतं. तिने उठून मागचं चाक थोडं उचललं आणि पायडल उलटं फिरवलं. साखळी कोरडी करकरली.

"ही साखळी. बाबा तेल घालायचे ते इथे. हिला तेव्हापासून एक थेंब मिळालेला नाही."

"ती तर काळीच होती. मला वाटलं, तिला पुष्कळ आहे."

"नाही. तहानलीय ती."

आई उठली. आत गेली. खण उघडल्याचा आवाज आला. बाटली घेऊन ती पाटावर बसली आणि लेकीकडे न बघता म्हणाली, "फिरव. हळू. आणि तुझं ते ब्रेकचं झाक काहीतरी."

लेकीने दोन्ही चकत्यांवर दुसरं, कोरडं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि पायडल फिरवायला लागली. प्रत्येक कडीवर एक थेंब. आईचा हात एकदाही चुकला नाही.

सकाळी रस्ता रिकामा होता. घरासमोरचा तुकडा सपाट आणि सरळ, दोन्ही बाजूंना बंद दारं. तिने आईला ब्रेकची ओळख व्हायची ती गोष्ट सांगितली होती, आणि आई चहाचा कप खाली ठेवून तिच्यामागोमाग बाहेर आली होती. तिच्या हातात कापडावर खुणा करायचा खडू होता. दिव्याच्या खांबापाशी तिने वाकून रस्त्यावर आडवी रेघ ओढली, कात्री चालवायच्या आधी ओढते तशी, एका दमात. मग रेघेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"तिथे नको उभी राहूस. बाजूला हो," लेक टोकावरून ओरडली.

"का? लागत नाहीत का ब्रेक?"

"लागतील. अजून नवे आहेत."

"मग ये. मी इथेच आहे."

ती पहिल्यांदा आली तेव्हा ब्रेक मऊ, गोंधळलेले होते. तिने फार आधीच दाबायला सुरुवात केली आणि रेघेच्या कितीतरी अलीकडे चालीच्या वेगावर येऊन वळली. आईने मान डोलवली. दुसऱ्यांदा जरा पुढे. सीट खाली आल्याने पाय सैल फिरत होते. बाबांच्या उंचीला पाय ताणायचे ते आता ताणत नव्हते. एक-दोन फेऱ्या ती त्यांना शोधत राहिली. मग शोधायचं राहून गेलं, कारण समोर आई उभी होती आणि लक्ष तिथेच ठेवणं भाग होतं. केकाटणं नव्हतं. नुसती एक बारीक घरघर, दर वेळी जरा खाली जाणारी.

मध्येच आईचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला, रेघ न सोडता.

"हो... नको, नको पाठवूस त्याला... निघाला असेल तर परत फिरव की. तगडा आहे ना?... ब्रेक होय? बसताहेत अजून. आम्ही बसवतोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आम्ही म्हणजे आम्ही. ठेव आता, ती येतेय."

ती येत होती. या वेळी तिने वेग घेतला, खरा वेग, उतारावर असतो तेवढा. बंद दारं मागे पळाली. आईच्या चपला दिसल्या, खडूने पांढरी झालेली बोटं दिसली. तिने एकेक बोट लिव्हरवर टेकवलं आणि ओढलं. सायकल आवाज न करता खाली बसल्यासारखी झाली आणि थांबली. पुढचं चाक रेघेच्या अलीकडे, वीतभर अंतरावर.

आई जागची हलली नव्हती. तिने खाली रेघेकडे बघितलं, मग चाकाकडे.

"अजून एकदा," ती म्हणाली.